अंगठी आणणारा सरपंच

आधी एक गैरसमज दूर करते. मी पोपटांना बोलायला शिकवत नाही. लोणावळ्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे मिठू मिठू का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग भविष्य सांगतो का?" त्यालाही नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो, जणू मी चिक्कीच्या डब्यात त्याला नुसता गूळ घालून दिला.

मी छोट्या पाळीव पोपटांना युक्त्या शिकवत असे. घंटी वाजवणं, लाकडी रिंगा खुंटीवर अडकवणं, बोटाएवढी गाडी ओढणं, हाक मारली की उडत येऊन मनगटावर बसणं, चोचीत धरलेली वस्तू आणून तळहातावर टाकणं. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे लोकांच्या घरी जाणं बंद केलंय, पण बाजारात अजूनही मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नाही. भाजीवाला म्हणतो, "पोपटवाल्या मॅडम, मेथी घ्या."

आपला हिरवा, लाल चोचीचा रानपोपट घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. कुणी तसा पोपट घेऊन आलं तर मी त्याला वनखात्याचा रस्ता दाखवायची. माझे विद्यार्थी सगळे परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले. चिमणीएवढे बजी, त्यांच्यापेक्षा जाडजूड आणि भांडकुदळ लव्हबर्ड, आणि माझा जीव की प्राण म्हणजे कॉकाटील. अंग राखाडी, डोकं पिवळं, गालावर शेंदरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. हा तुरा म्हणजे त्याच्या मनाचं पान. घाबरला की ताठ, खूष असला की तिरका, चिडला की चप्प.

यात मी पडले ती नवऱ्यामुळे. आमच्या ह्यांचं बाजारात मासे, काचेच्या टाक्या आणि पक्ष्यांचं दुकान होतं. लोक हौसेनं बजी घेऊन जायचे आणि आठवड्याभरात परत आणायचे. तक्रार एकच, "हा काहीच करत नाही." ह्यांना ते ऐकून ऐकून कंटाळा आला. एकदा मला म्हणाले, "अगं, तू मुलांना पाढे शिकवलेस ना? मग ह्याला काहीतरी शिकव." दोन्हीत फार फरक नव्हता. उलट पक्षी उलटून बोलत नाही, हा फायदाच.

पद्धत साधी आहे. पक्ष्यानं हवी ती गोष्ट केली, किंवा तिच्या जवळपास जाणारी जरी केली, की त्याच क्षणी 'टिक' असा आवाज करायचा आणि राळ्याचे दाणे द्यायचे. टिक आवाजासाठी मी बॉलपेन वापरायची. पक्ष्याला कळतं, टिक म्हणजे शाबास, आणि शाबास म्हणजे राळं. मग तो पुन्हा टिक व्हावं म्हणून डोकं लढवायला लागतो. उपाशी ठेवायचं नाही, ओरडायचं नाही, आणि त्याला कंटाळा यायच्या आत आपण थांबायचं. दुकानातली सगळी पेनं माझ्या पर्समध्ये सापडायची, हा मात्र आमच्या संसारातला कायमचा वाद.

शिकवण्यापेक्षा विसरायला लावणं अवघड, हे मला कामशेतच्या एका घरानं शिकवलं. तांदळाचे मोठे व्यापारी, माणसं भली. त्यांचा कॉकाटील स्वयंपाकघरात टांगलेला होता आणि त्यानं कुकरची शिट्टी उचलली होती. हुबेहूब. नवी सून हॉलमध्ये बसून शिट्ट्या मोजायची आणि तीन झाल्या की गॅस बंद करायची. त्यातल्या दोन पोपटाच्या असायच्या. रोज भात कच्चा. सासरे स्वतः तांदळाचे व्यापारी, त्यामुळे त्यांना सुनेवर शंका आली नाही. त्यांना शंका आली इंद्रायणी तांदळावर. "यंदाचा मालच शिजत नाही," म्हणून त्यांनी गिरणीवाल्याशी भांडण काढलं. सासूबाईंनी एकदा ओट्यापाशी उभं राहून स्वतः पाहिलं तेव्हा खरा शिट्टीवाला सापडला.

मला बोलावलं. मी पिंजरा बाहेरच्या खोलीत हलवायला लावला, शिट्टी मारली की कुणी तिकडं बघायचंही नाही असं बजावलं, आणि त्याला शिट्टीच्या बदल्यात घंटी वाजवायला शिकवलं. जमलं. भात शिजायला लागला. महिन्याभरानं सासूबाईंचा फोन, "मॅडम, तो पहाटेपासून घंटी वाजवतो. आमच्या घरात देवळासारखं वाटतं. कुकरच बरा होता हो."

पण सांगायची आहे ती गोष्ट सरपंचाची.

सरपंच हा आमच्या दुकानातला कॉकाटील. नाव ह्यांनी ठेवलं. दुकानात काहीही होवो, हा तुरा उभारून उंच दांडीवर बसायचा आणि सगळ्यांकडं अशा नजरेनं बघायचा, की आता हा ठराव मांडणार. तो विकायचा नाही हे मी ह्यांना बजावून ठेवलं होतं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत पहिला नंबर. खुंटीवर रिंगा टाकताना एखादी हुकली तर स्वतःच उचलून परत टाकायचा, मी टिक न करता.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला दुकानात तिघं आली. प्राची नावाची मुलगी, तिचा होणारा नवरा निहार आणि तिचे वडील बबनराव. बबनराव कामशेतजवळच्या वडिवळ्याचे. भाताची शेती आणि त्याच्या जोडीला दोन-तीन टेम्पो. प्राची पुण्याकडं कंपनीत कामाला, निहार चिंचवडचा. निहारला कुठल्याशा व्हिडिओत दिसलं होतं, की साखरपुड्यात पोपट अंगठी घेऊन उडत येतो.

"आम्ही ड्रोनचा विचार करत होतो," तो म्हणाला, "पण मित्राच्या साखरपुड्यात ड्रोन आंब्यात अडकला. अंगठी अजून आंब्यावर आहे."

मी माझ्या अटी सांगितल्या. उघड्या लॉनवर नाही, चारी बाजूंनी बंद हॉल पाहिजे. बाहेर एकदा उडाला तर तो घारीचा. पक्षी उडत असताना डीजे नाही, फटाके नाहीत. अंगठी खोटी, हलकी, रिबनला बांधलेली. आणि हॉलमधले पंखे बंद.

इथपर्यंत मान हलवणारे बबनराव थांबले. "पंखे बंद? मे महिन्यात? अवो मॅडम, पाव्हणे उकडून निघतील की!"

"पंख्यात पक्षी गेला तर?"

"मग पाव्हणेच उकडू द्या," प्राची म्हणाली. पोरगी ठाम होती. बबनरावांची मान पुन्हा हलायला लागली. नंतर कळलं, की ते एके काळी खरेखुरे सरपंच होते. आमच्या ह्यांनी आतून "सरपंच, घाण केलीत ना शेवटी?" अशी हाक दिली तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठले होते.

युक्ती अशी ठरली. निहार स्टेजच्या एका टोकाला, सरपंच त्याच्या हातावर. समोरच्या टोकाला प्राची, खांद्यावर पिवळी ओढणी. सरपंचानं चोचीत रिबन धरून पिवळ्या ओढणीकडं जायचं आणि तिच्या तळहातावर अंगठी टाकायची. कॉकाटीलला रंग छान कळतात. गर्दीत चेहरा शोधण्यापेक्षा रंग शोधणं त्याला सोपं. हे सगळं मी प्राचीला समजावून सांगितलं. तिनं मोठ्या बारकाईनं विचारलं, "आणि रंग दिसलाच नाही तर?"

"तर तो घाबरून इकडंतिकडं उडेल आणि शेवटी ओळखीच्या माणसाकडं जाईल. म्हणून त्याला तुमची ओळख व्हायला हवी. तो काही दिवस तुमच्या घरी राहू दे."

अशा रीतीनं सरपंच वडिवळ्याला मुक्कामाला गेला. मी एक दिवसाआड लोणावळ्याहून कामशेतपर्यंत गाडीनं आणि तिथून बबनरावांच्या टेम्पोतून जायची. पण प्राची घरी असली तरी कानाला हेडफोन लावून कॉलवर. दाराआडून हातानंच खूण करायची, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालायची. मग तिच्या जागी ओढणी घेऊन उभं राहायला घरात एकच माणूस रिकामं होतं, म्हणजे कामात होतं पण नाही म्हणू शकत नव्हतं. हिरामावशी.

हिरामावशी प्राचीच्या आईची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला. पुढं प्राची रांगत असताना तिची आई गेली, तेव्हा मावशी या घरात आली ती कायमची. प्राचीला न्हाऊमाखू घालण्यापासून बारावीच्या क्लासला कामशेतपर्यंत पोचवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. किरकोळ अंगाची, फिक्या रंगाची साडी, कपाळ मोकळं, आणि हात सतत कशात तरी.

सरपंचाला पहिल्यांदा पाहून म्हणाली, "ह्ये पाखरू अंगठी आननार? मग नवरदेव काय करनार?"

तिच्या खांद्यावर पिवळी ओढणी टाकताना तिनं आधी दार लावून घेतलं. "बाई, कुणी बगितलं तर गावभर व्हईल. म्हनतील, हिराला ह्या वयात नवरी केली." पण सरपंच उडत आला, तिच्या मनगटावर बसला आणि तळहातावर रिबन टाकून तिच्याकडं बघत तुरा हलवला, तेव्हा ती तोंडाला पदर लावून लहान मुलीसारखी हसली. "पुन्यांदा करू, बाई?"

एकच अडचण होती. तिला गप्प राहता येत नव्हतं. पक्ष्यानं फक्त रंग बघून जायचं होतं, पण तो निघाला की ही कोंबड्यांना बोलावतात तशी जिभेनं आवाज काढायची, "च् च् च्, ये रं सरपंचा, ये रं." मी रोज सांगायची, "मावशी, आवाज नाही करायचा." ती रोज म्हणायची, "न्हाई करत, बाई." आणि रोज करायची. सरपंचाला मी आठवड्यात तयार केलं. हिरामावशीला गप्प बसायला शिकवणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. तिच्यावर टिक चालत नव्हतं आणि राळं ती खात नव्हती.

एका दुपारी मी ओटीवर चहा घेत होते आणि आत मावशी-भाचीचं वाजलं.

"तू स्टेजवर पायजेस," प्राची सांगत होती. घरात तिची भाषा गावचीच व्हायची. "ओवाळायला, हळद लावायला. पहिला हात तुझा."

"तुझी आत्या हाय की. ती लावंल."

"आत्या वर्षातनं एकदा येती. मला तू वाढवलंय."

"आगं, मला न्हाई चालत त्ये. तुझ्या सासरच्यांना काय वाटंल? मागनं तुला बोल लावतील. मी मागं बसून बगते की. डोळं तर हायेत मला."

"मी निहारला म्हणलंय, त्याच्या आईला विचार म्हणून."

"मग? इचारलं त्यानं?"

निहार चांगला मुलगा होता, पण आईला असलं काही विचारायचं म्हटलं की त्याला ऑफिसचा फोन यायचा. प्राची पाय आपटत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. डोळे भरलेले. सरपंच उडून तिच्या गुडघ्यावर बसला. तिनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पोरीला पक्ष्याचा लळा लागला.

साखरपुडा आणि हळद एकाच दिवशी, कामशेतजवळच्या एका हॉलमध्ये होती. मी सरपंचाचा पिंजरा कापडानं झाकून मागच्या दारानं आत नेला. त्याला शांत केलं, राळं तयार ठेवलं, पेन हातात घेतलं आणि पडद्याच्या फटीतून हॉलमध्ये बघितलं.

हॉल पिवळा होता.

दीडदोनशे माणसं, आणि सगळी पिवळी. पिवळे कुडते, पिवळ्या साड्या, पिवळे फेटे, पोरांच्या गळ्यात पिवळे पंचे. खुर्च्यांना पिवळी कापडं. मागं झेंडूच्या माळांची अख्खी भिंत. गुरुजींचं उपरणंसुद्धा पिवळं. मी महिनाभर ज्या पक्ष्याकडून घोटून घेतलं, की पिवळं दिसेल तिकडं जा, त्याला आता मला या हळदीच्या डब्यात सोडायचं होतं.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा मुलगा कानाला माईक लावून धावत होता. मी त्याचा दंड धरला. "हे काय आहे?"

"यलो थीम, मॅडम! मस्त दिसतंय ना?"

"कुणी ठरवली?"

"ब्राइडनंच! मागच्या आठवड्यात."

मी प्राचीकडं गेले. तिच्या केसांत फुलं माळणं चाललं होतं. मी म्हटलं, "प्राची, हे रद्द करू या. तो कुणाकडंही जाईल." तिनं आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "होऊ दे ना मॅडम. आता सगळे वाट बघतायत." आवाजात घाबरल्याची खूणही नाही. मला वाटलं, हल्लीच्या मुलींना मेकअपचं जास्त टेन्शन असतं.

बाहेर बबनराव पिवळ्या कुडत्यात घामानं चिंब होऊन उभे होते, कारण पंखे आधीच बंद झाले होते. माझी ती अट मात्र तंतोतंत पाळली होती. लोक पत्रिकांनी वारा घेत होते. एक आजोबा मोठ्यानं विचारत होते, "लाइट गेलीया का?" आणि कुणीतरी त्यांना समजावत होतं, "न्हाई आबा, पोपट यायचाय."

निहार स्टेजवर उभा राहिला. मी सरपंचाला त्याच्या हातावर ठेवलं. निहारनं खिशातून रिबन बांधलेली अंगठी काढली आणि मी वाकून पाहिलं. खरी होती.

"व्हिडिओ झूम होतो मॅडम," तो पुटपुटला. "खोटी कळते."

नाही म्हणायच्या आत सरपंचानं रिबन चोचीत धरली होती. संगीत थांबलं. समोर प्राची उभी राहिली, पिवळी ओढणी घेऊन, पिवळ्या भिंतीसमोर, पिवळ्या करवल्यांच्या मधोमध. मी टिक केलं.

सरपंच झेपावला. हॉलमध्ये "आऽऽ" असा आवाज उठला. अर्ध्या वाटेवर त्याला कळलं, की जग बदललंय. तो वळला. एक फेरी मारली, दुसरी मारली. तुरा ताठ. लोकांच्या माना त्याच्याबरोबर फिरत होत्या. आधी तो बबनरावांच्या फेट्यावर उतरला. तिथून कॅमेरावाल्याच्या कॅमेऱ्यावर. तिथून उडाला तो थेट निहारच्या आईच्या डोक्यावर.

निहारची आई रुबाबदार बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि ते न सांगता कळायचं. भरघोस अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. सरपंचाला ती जागा आवडली. तो तिथं नीट बसला आणि चोचीतली अंगठी अंबाड्यात खोचायचा प्रयत्न करायला लागला.

"कुणी हलू नका!" मी ओरडले.

कुणीच हलत नव्हतं. बाईंनी मान ताठ ठेवून, ओठ न हलवता विचारलं, "हा काय करतोय?"

"आई, अंगठी ठेवतोय," निहार म्हणाला.

"कुठं?"

निहारनं माझ्याकडं बघितलं. मी राळ्याचं कणीस हलवलं, पेन टिकटिक वाजवलं. पण मी पिवळ्या गर्दीच्या पलीकडं होते आणि तो घाबरला होता. आता तो पुन्हा उडणार आणि खरी अंगठी कुठंतरी माळांच्या मागं टाकणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात हॉलच्या अगदी मागून, जेवणाच्या दाराशेजारून आवाज आला. अगदी हळू. तिच्याही नकळत आला असावा.

"च् च् च्. ये रं सरपंचा. ये रं."

सरपंचानं मान वळवली, तुरा खाली आला, आणि तो सगळ्या पिवळ्या डोक्यांवरून सरळ रेषेत उडत गेला. शेवटच्या रांगेच्याही मागं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, फिक्या तपकिरी साडीतल्या हिरामावशीच्या मनगटावर बसला. तिनं सवयीनं तळहात पुढं केला. त्यानं अंगठी टाकली.

सगळा हॉल वळून तिच्याकडं बघत होता. तिच्याकडं एवढ्या माणसांनी कधी बघितलं नव्हतं. तिनं अंगठी अशी धरली, जणू चटका बसतोय, आणि शेजारच्या बायकांपुढं केली. "घ्या गं कुनीतरी. मला न्हाई चालत ह्ये. आक्का, तुमी घ्या." प्राचीची आत्या पुढं झाली नाही. कुणीच झालं नाही. जो तो दुसऱ्याकडं बघत होता.

निहारच्या आईंनी अंबाडा चाचपला आणि रांगांमधून चालत मागं गेल्या. मला वाटलं, आता पक्ष्याचा आणि माझा हिशेब होणार. त्या हिरामावशीसमोर थांबल्या.

"तुम्ही प्राचीच्या मावशी ना? तिला वाढवलंत त्या?"

"व्हय."

"मग इथं मागं का?"

हिरामावशी खाली बघत म्हणाली, "तुमच्याकडं चालतंय का न्हाई, काय म्हाईत. उगा पोरीला नाव नगं."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "अहो, मी मगाशीच विचारणार होते मावशी कुठायत म्हणून. पण मला वाटलं तुमच्याकडं चालत नसेल. उगाच तुम्हाला संकोच."

सगळी मंडळी महिनाभर दुसऱ्या बाजूला वाईट वाटू नये म्हणून जपत होती, आणि तोंड उघडून विचारलं कुणीच नव्हतं. बाईंनी मान वळवून स्टेजकडं बघितलं. "निहार, तुला हे माहीत होतं?"

निहारला ऑफिसचा फोन येण्याची नितांत गरज होती. तो आला नाही.

"चला," बाई हिरामावशीला म्हणाल्या, आणि तिचा हात धरला. ज्या हातावर पक्षी नव्हता तो. दोघी मधल्या वाटेनं स्टेजकडं निघाल्या. हिरामावशी दोन पावलं चालायची आणि थांबायची. "नगं हो, अशी न्हाई यायची, साडीबी धड न्हाई." बाई थांबायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. शाळेत नव्या मुलाला वर्गात नेतात तशा. स्टेजवर हिरामावशीनं अंगठी निहारच्या हातात दिली, त्यानं प्राचीच्या बोटात घातली. मग बाईंनी हळदीची वाटी पुढं केली. हिरामावशीनं बोटं हळदीत बुडवली आणि प्राचीच्या गालाला लावली, आणि प्राचीनं तिथंच तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं भोकाड पसरलं. बबनराव फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होते. मीही पुसले. सरपंच हिरामावशीच्या खांद्यावर बसून राळ्याची वाट बघत होता, कारण त्याच्या मते काम कधीच झालं होतं.

मागून मगाचच्या आबांचा आवाज आला, "आला न्हवं पोपट? आता तरी पंखं लावा रं!"

हॉल हसला, मी सरपंचाला झटकन पिंजऱ्यात घातलं, आणि पंखे फिरले.

निघताना प्राची मला भेटायला मागच्या खोलीत आली. गालावरची हळद डोळ्यांच्या पाण्यानं गळ्यापर्यंत उतरली होती. मी तिच्याकडं नुसतं बघत राहिले. तिनं विचारलेला प्रश्न मला आठवत होता, रंग दिसलाच नाही तर काय.

"थीम मुद्दाम ठरवलीस?"

"मॅडम, निहार विचारत नव्हता, मावशी ऐकत नव्हती," ती म्हणाली. "सरपंचच एक उरला होता."

"आणि अंगठी हरवली असती तर?"

"मी तुमचंच ऐकलं. तुम्हीच म्हणाला होतात, ओळखीच्या माणसाकडं जातो म्हणून."

एवढ्या वर्षांत माझ्या शब्दावर इतका भरवसा कुठल्याच गिऱ्हाइकानं ठेवला नव्हता. मला अभिमान वाटला आणि मी पिंजऱ्याचं दार पुन्हा एकदा तपासलं.

तो व्हिडिओ खूप पसरला. दुकानात फोनवर फोन. पण लोकांना आता नुसती अंगठी नको होती. एक नवरदेव म्हणाला, "आमच्याकडं पण तसंच करा. पोपट चुकून आजीकडं जायला पाहिजे. सगळे रडले पाहिजेत." मी विचारलं, "आजी कुठं बसणार आहेत?" "स्टेजवरच, सोफ्यावर." मी म्हटलं, "मग तिच्याकडं चुकून कशाला जायचं? सरळ तिलाच अंगठी द्या." त्याला ते पटलं नाही. आमचे हे मात्र उत्साहात होते. त्यांनी 'चुकून पॅकेज' अशी पाटी लिहायला घेतली होती. मी पेन काढून घेतलं.

पण पॅकेज झालं असतं तरी सरपंच तयार नव्हता. लोणावळ्याला परतल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. पिंजऱ्यात पाठ करून बसायचा. खाणं अर्ध्यावर. घंटी दाखवली की तुरा चप्प. आणि एका सकाळी दुकान उघडताना मला ऐकू आलं, बारीक, किरट्या आवाजात, "ये रं. ये रं." मी पोपटांना बोलायला शिकवत नाही हे सुरुवातीला सांगितलंच. हे ज्यानं शिकवलं होतं ते माणूस वडिवळ्यात होतं. प्राची लग्न होऊन चिंचवडला गेली होती आणि त्या घरात दिवसभर हिरामावशी एकटीच होती.

मी पिंजरा उचलला. हे म्हणाले, "अगं, आपला पहिल्या नंबरचा आहे तो." मी म्हटलं, "म्हणूनच." आणि कामशेतची गाडी पकडली. खोटं कशाला सांगू, परतीच्या वाटेत रिकाम्या हातांचं काय करावं ते मला कळत नव्हतं. त्याच्यासारखा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

गेल्या वर्षी मी वडिवळ्याला गेले होते. हिरामावशी भाकरी थापत होती आणि सरपंच तिच्या खांद्यावर बसून पिठात पाय बुडवत होता. वजन वाढलेलं, तुरा तिरका. बबनराव म्हणाले, हा आता आमच्या घरात सगळ्यांच्या वर आहे. मला राहवलं नाही. मी पर्समधून रिबन बांधलेली रिंग काढली, त्याच्यापुढं धरली आणि पेननं टिक केलं. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी दुसऱ्या गावची आहे. पुन्हा टिक केलं. त्यानं डोळे मिटले.

हिरामावशीला माझी कीव आली. तिनं पिठाचा हात पदराला पुसला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि मला समजुतीच्या सुरात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. ल्हान हाय अजून. शिकंल हळूहळू."